थकीत प्रीमियमची वसुली : तीन वर्षे मोजायची कोठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण एमआयडीसीत पोलादी सांगाडे तयार करून ते जागेवर उभारून देणारी एक भागीदारी फर्म आहे. तिने १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२ या वर्षासाठी कामगार भरपाईची, म्हणजे आपण सगळे जिला अजूनही डब्ल्यूसी म्हणतो ती, पॉलिसी घेतली. पॉलिसी घेताना वर्षाचे अंदाजी वेतन १ कोटी १० लाख दाखवले होते. प्रत्यक्षात कामे वाढली आणि वेतन २ कोटी ९० लाखांवर गेले. प्रत्यक्ष वेतनाचे विवरण फर्मने १८ जुलै २०२२ रोजी विमा कंपनीला पाठवले. कंपनीच्या शाखेने फरकाच्या प्रीमियमचा हिशेब पाठवला तो थेट ९ ऑक्टोबर २०२३ रोजी : ५,४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६,३७,२०० रुपये. फर्मच्या हिशेबनिसांनी १४ नोव्हेंबर २०२३ रोजी ईमेलने उत्तर दिले की, ‘हिशेब मिळाला, साहेबांची मंजुरी झाली की रक्कम पाठवतो.’ पुढे दोन्ही बाजू गप्प राहिल्या. आता ४ ऑगस्ट २०२५ च्या तारखेची वकिलाची नोटीस आली असून पंधरा दिवसांत रक्कम व्याजासह भरा, अन्यथा दावा दाखल करू, असे तीत म्हटले आहे. फर्मचा याच कंपनीकडे आगीचा एक क्लेमही प्रलंबित आहे. वसुलीची मुदत संपली आहे का, संपली असल्यास देणेच संपले का, आणि ही रक्कम आगीच्या क्लेममधून कापून घेता येते का, असे आपण विचारले आहे.

आरंभीच सांगतो की ‘तीन वर्षे झाली, विषय संपला’ असे जे आपल्या मित्रांनी सांगितले आहे, त्यातला ‘तीन वर्षे’ हा भाग बरोबर आहे आणि ‘विषय संपला’ हा भाग बहुधा चूक आहे. माझ्या वकिलीची पहिली काही वर्षे विमा कंपन्यांच्या पॅनेलवर वसुलीचे दावे लावण्यात गेली आणि नंतरची बरीचशी पॉलिसीधारकांच्या बाजूने अशाच दाव्यांना उत्तरे देण्यात. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की या प्रकरणांत तीन वर्षांच्या लांबीवर वाद कधीच नसतो, ती वर्षे कोणत्या दिवसापासून धरायची यावर असतो.

आधी मुळातला एक मुद्दा. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय, किंवा त्याची हमी अथवा ठेव मिळाल्याशिवाय, विमा कंपनीला जोखीम पत्करताच येत नाही. मग आपल्याकडे थकीत प्रीमियम उरतोच कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो मुख्यतः तीन वाटांनी उरतो. पहिली वाट न वटलेल्या चेकची. दुसरी, नियमांनी जेथे सवलत दिली आहे तेथे हप्त्यांनी किंवा हमीवर दिलेल्या पॉलिसींची. तिसरी वाट आपली : ज्या पॉलिसीत सुरुवातीचा प्रीमियम केवळ अंदाजावर घेतला जातो आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष आकड्यांवरून तो समायोजित केला जातो. डब्ल्यूसी, सागरी मालवाहतुकीच्या डिक्लरेशन पॉलिसी आणि वर्षाच्या मध्ये माणसे वाढणाऱ्या ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी या सगळ्या त्यातल्या.

चेकच्या प्रकरणांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो आपला प्रश्न नाही. एवढेच नोंदवतो की चेक न वटल्यास करार मोबदल्याविना ठरतो आणि विमेदाराला भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सीमा मल्होत्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : जी कंपनी ‘आमची जोखीम सुरूच झाली नव्हती’ असे म्हणते, तिला त्याच पॉलिसीचा प्रीमियम मागण्यास तोंड उरत नाही. वाहन अपघातातील तिऱ्हाईताचे हक्क हा मात्र निराळा विषय आहे, तेथे कंपनीची सुटका इतकी सहज होत नाही.

आता मुदत. मुदत अधिनियम १९६३ च्या परिशिष्टात विमा कंपनीने प्रीमियम वसूल करण्यासाठी लावायच्या दाव्याची स्वतंत्र नोंद नाही. ४४ वी नोंद विमेदाराने पॉलिसीवर लावायच्या दाव्याची आहे आणि ४५ वी नोंद, विमा कंपनीने रद्दबातल ठरवलेल्या पॉलिसीवर भरलेला प्रीमियम विमेदाराने परत मागण्याची. म्हणून कंपनीला एकतर ५५ व्या नोंदीखाली, म्हणजे करारभंगाबद्दलच्या भरपाईसाठी, किंवा ११३ व्या म्हणजे उरलेल्या सर्व दाव्यांच्या नोंदीखाली जावे लागते. दोन्हीकडे मुदत तीन वर्षांचीच. सरकारी विमा कंपनी असल्यास ‘सरकारला तीस वर्षे मिळतात’ असा एक समज शाखांमधून ऐकू येतो, त्यात तथ्य नाही. ११२ व्या नोंदीतील तीस वर्षे केंद्र व राज्य सरकारच्या दाव्यांसाठी आहेत आणि सरकारच्या मालकीची कंपनी म्हणजे सरकार नव्हे.

मग आपल्या प्रकरणात घड्याळ केव्हा सुरू झाले? तीन तारखा शक्य आहेत आणि प्रत्येकीमागे काहीतरी युक्तिवाद आहे.

पहिली तारीख पॉलिसीच्या शर्तीतून निघते. आपण पाठवलेल्या प्रतीत, पॉलिसी संपल्यापासून एका महिन्याच्या आत विमेदाराने प्रत्यक्ष वेतनाचे विवरण द्यावे आणि त्यानुसार फरक भरावा किंवा परत घ्यावा, अशी शर्त आहे. तो महिना ३० एप्रिल २०२२ रोजी संपला. ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस कलम १२ प्रमाणे वगळला, तर तीन वर्षे ३० एप्रिल २०२५ रोजी पुरी होतात. दुसरी तारीख १८ जुलै २०२२, ज्या दिवशी विवरण कंपनीच्या हाती पडले आणि फरक किती हे गुणाकार करून कोणालाही कळू शकत होते. तेथून तीन वर्षे १८ जुलै २०२५ पर्यंत जातात. या दोन्ही तारखा धरल्या तर ४ ऑगस्टची नोटीस उशिरा आली आहे; आणि हेही लक्षात घ्यावे की नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही, दावा दाखल व्हावा लागतो.

तिसरी तारीख ९ ऑक्टोबर २०२३. कंपनीचे वकील म्हणतील की रक्कम ठरवून कळवल्याशिवाय ती ‘देय’ झालीच नव्हती, आणि न भरण्याचा प्रश्नच त्यानंतरचा आहे. म्हणून मुदत ९ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मला हा युक्तिवाद दुबळा वाटतो, कारण धनकोने स्वतःच मागणी लांबवून स्वतःची मुदत लांबवावी, हे मुदतीच्या कायद्याच्या प्रकृतीला धरून नाही. दर पॉलिसीत होता, वेतनाचा आकडा विवरणात होता, मग पंधरा महिने गुणाकाराला लागतात असे म्हणणे अवघड आहे. पण शर्तीतील शब्द नेमके पाहावे लागतील. ‘कंपनीने हिशेब कळवल्यापासून इतक्या दिवसांत’ असे शब्द कोठे असतील, तर तिसऱ्या तारखेला जोर येतो, आणि काही पॉलिसींच्या पुरवण्यांमध्ये, म्हणजे एंडोर्समेंटमध्ये, असे शब्द घातलेले असतात. मूळ शर्ती वाचून थांबू नका, पुरवण्याही वाचा.

येथे एक जुनी आठवण सांगतो. पॅनेलवर असताना एका विमा कंपनीची फाइल माझ्याकडे आली, तिच्यात शाखेने मुदत मोजली होती ती अंतर्गत लेखापरीक्षकाने आक्षेप घेतल्याच्या तारखेपासून. परीक्षकाला चूक सापडली तो दिवस आणि रक्कम देय झाली तो दिवस यांत चौदा महिन्यांचे अंतर होते. फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा खरी मुदत संपून अकरा दिवस झाले होते. दावा लावू नये असा सल्ला मी दिला, तो मानला गेला नाही, आणि दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. विमेदाराने तो मुद्दा उपस्थित केला नसता तरी निकाल तोच लागला असता, कारण कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा न्यायालयाने आपणहून फेटाळायचा असतो.

लेखापरीक्षणातून निघणाऱ्या मागण्यांबद्दल आणखी एक गोष्ट, जी आपल्याला लागू नाही पण इतरांना उपयोगी पडेल. वेतन बरोबर कळवले होते, पण कंपनीनेच दर चुकीचा लावला आणि दोन वर्षांनी ‘शॉर्ट कलेक्शन’ म्हणून फरक मागितला, तर तेथे मुदतीआधी मूळ हक्काचाच प्रश्न येतो. करारात एक प्रीमियम लिहिला गेला, तो भरला गेला. कंपनीला तो एकतर्फी बदलण्याचा अधिकार कोठून आला? दरपत्रक बंधनकारक होते त्या काळात या प्रश्नाचे उत्तर कंपनीला बरेच अनुकूल असे. १ जानेवारी २००७ पासून बहुतेक दर खुले झाल्यावर ती परिस्थिती राहिलेली नाही.

उलट, विमेदाराने वेतन लपवले असेल तर कलम १७ कंपनीच्या मदतीला येते : हक्काचे ज्ञान कपटाने लपवले गेले असल्यास, ते उघड होईपर्यंत किंवा वाजवी दक्षतेने उघड होऊ शकले असते त्या दिवसापर्यंत मुदत सुरूच होत नाही. आपण विवरण उशिरा का होईना पण खरे दिले, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. १८ जुलैच्या त्या पत्राची पोच जपून ठेवा.

आता आपल्या प्रकरणातील खरा अडथळा, तो नोव्हेंबर २०२३ चा ईमेल. कलम १८ असे सांगते की मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या व्यक्तीने देण्याची लेखी, सहीनिशी कबुली दिली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. ईमेल पाठवला तेव्हा आपण पाहिलेल्या कोणत्याही तारखेने मुदत संपलेली नव्हती. ‘साहेबांची मंजुरी झाली की रक्कम पाठवतो’ हे वाक्य देणे मान्य करते का? मंजुरी बाकी होती, म्हणून कबुली सशर्त होती, असे आपण म्हणू शकतो. पण कबुलीत रक्कम किंवा देण्याचे नेमके स्वरूप नसले, भरण्याची वेळ आलेली नाही असे तीत म्हटले असले, इतकेच काय देण्यास नकार असला, तरी ती कबुली ठरू शकते, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. दोन पक्षांत धनको-ऋणको हे नाते त्या वेळी अस्तित्वात होते आणि ते मान्य करण्याचा हेतू शब्दांतून दिसतो का, एवढे पाहायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या शापूर फ्रीडम मझदा प्रकरणात हीच कसोटी सांगितली आहे. ईमेल ‘लेखी’ नाही हा बचाव माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० नंतर टिकण्यासारखा नाही.

उरतो अधिकाराचा प्रश्न. आपले हिशेबनीस भागीदार नाहीत. त्यांना विमा कंपनीशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार होता हे नाकारता येणार नाही, कारण १८ जुलैचे विवरणही त्यांच्याच नावाने गेले आहे. पण पत्रव्यवहार करणे वेगळे आणि फर्मच्या वतीने देणे कबूल करणे वेगळे. ‘साहेबांची मंजुरी’ हे शब्दच दाखवतात की अंतिम अधिकार त्यांच्याकडे नव्हता. हा आपला सर्वांत चांगला मुद्दा आहे. तो जिंकेलच असे मी म्हणणार नाही. न चालल्यास नवी मुदत १४ नोव्हेंबर २०२६ पर्यंत धावते आणि आजची नोटीस वेळेत ठरते.

याच संदर्भात आपल्या सनदी लेखापालांना एक गोष्ट विचारा. ३१ मार्च २०२३ आणि २०२४ च्या ताळेबंदांत ही रक्कम ‘देय खर्च’ किंवा विमा कंपनीच्या नावे दाखवली आहे का? बिशाल जयस्वाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले की ताळेबंदातील नोंद कलम १८ ची कबुली ठरू शकते, मात्र तिच्यासोबतच्या टिपा वाचूनच तसे ठरवावे. तो निकाल कंपनीच्या ताळेबंदाचा होता. भागीदारी फर्मचे हिशेब जाहीर नसतात, पण दाव्यात कागदपत्रे मागवता येतात, त्यामुळे हा कागद आपणच आधी पाहिलेला बरा. या हिशेबावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेतले असेल आणि १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यामुळे ते उलटवले असेल, तर त्या नोंदीही उद्या समोर येतील. एकट्या त्या कबुली ठरतील असे मला वाटत नाही, पण ‘हे देणे आम्हाला मान्यच नव्हते’ हे म्हणणे त्या पोकळ करतात.

दुसरा प्रश्न : मुदत संपली तर देणे संपते का? नाही. मुदतीचा कायदा उपाय बंद करतो, देणे पुसत नाही. १९५८ च्या बॉम्बे डाइंग प्रकरणापासून हे ठरलेले आहे. याचे दोन व्यावहारिक परिणाम आहेत आणि ते न कळल्याने लोकांचे नुकसान होते. एक म्हणजे, मुदत संपल्यानंतरही देणे फेडण्याचे लेखी, सहीचे वचन दिले तर करार अधिनियम १८७२ च्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा, वैध करार होतो. नोटिशीला उत्तर देताना सौजन्यापोटी ‘तीन हप्त्यांत भरू’ असे लिहिले की मुदतीचा सगळा बचाव हातचा गेला. दुसरा परिणाम त्याच अधिनियमाच्या कलम ६० चा. पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे ऋणकोने सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते स्पष्ट होत नसेल, तर धनको ते कोणत्याही कायदेशीर देण्यापोटी जमा करू शकतो, त्या देण्याची मुदत संपलेली असली तरीही. आपण नव्या पॉलिसींसाठी कंपनीच्या सीडी, म्हणजे कॅश डिपॉझिट, खात्यात एकरकमी रक्कम भरता, असे लिहिले आहे. यापुढे त्या खात्यात एक रुपयाही भरताना, तो अमुक पॉलिसीच्या प्रीमियमपोटी आहे असे त्याच दिवशी लेखी कळवा. कलम ५९ प्रमाणे मग कंपनीला तो तेथेच लावावा लागेल.

यातच तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले. आगीचा क्लेम हा वेगळ्या पॉलिसीचा वेगळा हक्क आहे. कंपनीच्या हातात आपलेच पैसे असल्याने ती कापून घेण्याचा प्रयत्न करील, हे मी व्यवहारात पाहिले आहे. पण दाव्यात वजावट मागायची झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ६ प्रमाणे ती कायद्याने वसूल होण्याजोगी रक्कम असावी लागते, आणि मुदतबाह्य रक्कम तशी नसते. तेव्हा त्या वेळी मुदत शिल्लक होती का, या मूळ प्रश्नाकडेच आपण परत येतो. कपात झालीच तर सेटलमेंट व्हाउचरवर ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून निमूट सही करू नका, कपात मान्य नसल्याचे त्याच दिवशी लिहून द्या. व्यापारी फर्म असल्याने ग्राहक आयोग बंद आहे असेही समजू नका. विम्याचा हेतू नफा नसून नुकसानीची भरपाई असतो, हे हरसोलिया मोटर्स प्रकरणात २०२३ मध्ये मान्य झाले आहे. नारायण पेठेतील विमा लोकपाल कार्यालयात मात्र आपली फर्म सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेली असेल तरच जाता येईल.

दावा झाल्यास तो कोठे होईल? रक्कम ३ लाखांहून अधिक आहे आणि विमा हा विषय वाणिज्यिक न्यायालये अधिनियम २०१५ च्या व्याख्येत स्पष्ट दिलेला आहे. त्यामुळे तातडीचा दिलासा मागितला नसेल तर कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी अनिवार्य आहे. पाटील ऑटोमेशन निकालानंतर, २० ऑगस्ट २०२२ पासून, ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. म्हणून शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून काही नोटीस आली होती का, हे कार्यालयात नीट शोधा. एखाद्या शिपायाने सही करून घेतलेले आणि कपाटात पडलेले असे पाकीट सगळे गणित बदलू शकते.

माझा सल्ला विचारलात म्हणून सांगतो. हे देणे खोटे नाही. वर्षभर २ कोटी ९० लाखांच्या वेतनावरची माणसे त्या पॉलिसीखाली होती, आणि कोणी उंचावरून पडला असता तर आपण अंदाजी वेतनाचा विचार न करता क्लेम केला असता. त्यात ईमेल आपल्या विरुद्ध आहे. म्हणून मूळ ५,४०,००० आणि जीएसटी, व्याज नाही, आणि आगीच्या क्लेममधून कसलीही कपात नाही, या अटींवर तडजोडीचा प्रस्ताव मी मध्यस्थीत ठेवीन. तो लेखी जाण्याआधी मात्र ‘आमच्या हक्कांना व मुदतीच्या बचावाला बाध न येता’ हे शब्द त्यात असावेत, सही भागीदाराची नसून वकिलाची असावी, आणि हिशेबनिसांना आजपासून या विषयावर कंपनीला एकही ओळ पाठवू नये असे सांगावे.

आगीची तारीख आपण लिहिलेली नाही. ४४ व्या नोंदीप्रमाणे आपली स्वतःची तीन वर्षेही आग लागल्याच्या दिवसापासून, किंवा क्लेम पूर्णतः वा अंशतः नाकारला गेला असल्यास त्या दिवसापासून, चालू आहेत. सर्वेअरच्या अहवालाची वाट पाहण्याने ती थांबत नाहीत. ती तारीख आणि कंपनीचे त्या क्लेमवरील शेवटचे पत्र मला आधी पाठवा, नोटिशीचे उत्तर त्यानंतर लिहू.